गांधीजींची सुटलेली बिडी

बहिणाबाई चौधरींचे माहेर असलेल्या असोद्याहून तापी ओलांडली की पलीकडे यावल तालुक्यातले फैजपूर लागते. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन इथे भरले. ते खेड्यातच व्हावे, हा आग्रह महात्मा गांधींचा. खादी आणि ग्रामोद्योगांइतकीच गावाची सफाई, आरोग्य आणि दारूबंदी त्यांना महत्त्वाची वाटे. व्यसन म्हणजे काय, हे त्यांनी स्वतःच्या बालपणात आणि पुढे स्वतःच्या घरात पाहिले होते.

गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला झाला. पुढे कुटुंब राजकोटला आले. तिथे बारा-तेरा वर्षांचे असताना त्यांना आणि एका नातेवाईक मुलाला बिडीची ओढ लागली. चव आवडत होती असे नाही. काका तोंडातून धूर सोडत, तसा आपणही सोडावा एवढीच हौस. आधी काकांनी टाकलेली थोटके ओढून झाली. ती पुरेनात, तेव्हा नोकराच्या पैशांतून चार पैसे चोरून बिड्या आणल्या. पैसे मिळाले नाहीत, तेव्हा एका झाडाच्या पोकळ काड्याही ओढून पाहिल्या. मोठ्यांच्या परवानगीवाचून काहीच करता येत नाही, याचा त्रागा इतका वाढला, की दोघांच्या मनात जीव देण्याचे विचार येऊ लागले. सुदैवाने धीर झाला नाही. त्या भीतीतून भानावर आल्यावर बिडी सुटली आणि बिडीसाठीची चोरीही. मोठेपणी त्यांना धूम्रपानाची इच्छा कधी झाली नाही.

आजच्या वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वय. तंबाखूतले निकोटिन धुरावाटे काही सेकंदांत मेंदूत पोचते आणि डोपामिन हे रसायन स्रवायला लावते. त्यामुळे क्षणभर बरे वाटते आणि मेंदू ते पुन्हा मागतो. किशोरवयात मेंदूची वाढ सुरू असल्याने ही सवय लवकर आणि घट्ट बसते. सुरुवात बहुधा अनुकरणातून आणि लपूनछपून होते. गांधीजी अगदी सुरुवातीलाच थांबले. वर्षानुवर्षे तंबाखू-चुना मळणाऱ्याची गोष्ट वेगळी असते.

हे गांधीजींनाही ठाऊक होते. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात दारू आणि अफूबरोबर तंबाखूवरही प्रकरण आहे. ओढणे, चघळणे आणि तपकीर असे तिन्ही प्रकार त्यांनी घेतले आणि या जाळ्यातून सुटणारे फार थोडे, हेही मान्य केले.

त्यांचा थोरला मुलगा हरिलाल असाच अडकला होता. दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहात त्याने अनेकदा तुरुंगवास भोगला. पण पुढे वडिलांशी बिनसले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत पत्नी गेली आणि दारूचा विळखा वाढला. गांधीजींनी पत्रांतून समजावले, रागावलेही. उपयोग झाला नाही. फेब्रुवारी १९४४ मध्ये त्याच आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा मृत्युशय्येवर होत्या. हरिलाल त्यांना भेटायला आला तो नशेत. आईला ते सहन झाले नाही. २२ फेब्रुवारीला कस्तुरबा गेल्या. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये हरिलालही मुंबईत क्षयाने गेला.

लाखो लोकांना निर्भय करणाऱ्या बापाचा शब्द मुलाच्या व्यसनापुढे चालला नाही. हरिलालच्या काळी व्यसनाकडे बहुधा चारित्र्याचा दोष म्हणून पाहिले जाई. आज ते उपचार करता येणारा आजार मानले जाते. तंबाखू सोडल्यावर चिडचिड, बेचैनी, झोपमोड होते. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात आणि तीन-चार आठवड्यांत त्रास बराच ओसरतो. तलफेची लाट सहसा काही मिनिटांत उतरते. तेवढा वेळ पाणी पिणे, फेरी मारणे, कुणाशी बोलणे उपयोगी पडते. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनचे च्युइंगगम, पॅच किंवा गोळ्या घेता येतात. समुपदेशनाची जोड दिली तर यशाची शक्यता वाढते. त्यासाठी राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे : १८००-११-२३५६. पुन्हा एखादी बिडी ओढली गेली, तरी प्रयत्न वाया गेला असे समजू नये. अनेकांची तंबाखू दोन-तीन प्रयत्नांनंतरच सुटते. घरच्यांनीही टोमणे मारण्याऐवजी त्याला दवाखान्यात सोबत करावी.