पालवणकर बाळू : बळी घ्यायला हवे होते, कर्णधार म्हणून नको होते

जगभरात आज क्रिकेटच्या कितीतरी स्पर्धा गाजतात. विश्वचषक, ॲशेस, आयपीएल, रणजी करंडक ही नावे लहान मुलांनाही पाठ असतात. पण यातल्या बहुतेक स्पर्धा सुरू होण्याआधी मुंबईत एक स्पर्धा भरत असे. तिच्यासाठी गिरणगावापासून मलबार हिलपर्यंत सगळे शहर मैदानाकडे लोटायचे. तिला चौरंगी सामने म्हणत, पुढे पंचरंगी सामने म्हणू लागले. आपल्या समाजातल्या तरुणांनी या स्पर्धेचा इतिहास नीट समजून घ्यायला हवा. कारण भारताचा पहिला मोठा गोलंदाज या स्पर्धेने घडवला, त्याला डोक्यावर घेतले आणि अखेरपर्यंत त्याची पायरीही दाखवून दिली. तो गोलंदाज म्हणजे पालवणकर बाळू.

धर्मावर उभी राहिलेली स्पर्धा

या सामन्यांची सुरुवात युरोपियन आणि पारशी यांच्या लढतींपासून झाली. १८९२ पासून त्या प्रेसिडेन्सी सामने म्हणून दरवर्षी होऊ लागल्या. १९०७ मध्ये हिंदू संघ आला आणि स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ती चौरंगी झाली. १९३७ मध्ये पाचवा संघ आला, त्याचे नावच मुळी ‘उरलेले’ असे होते. ख्रिश्चन, ज्यू, बौद्ध असे जे कोणत्याच चौकटीत बसत नव्हते, त्यांना तिथे जागा मिळाली. विजय हजारे यांच्यासारखा मोठा फलंदाज या संघाकडून खेळला. धर्माच्या नावाने क्रिकेट खेळवण्याला विरोध वाढत गेला आणि १९४६ मध्ये ही स्पर्धा कायमची बंद झाली.

या मांडणीत अस्पृश्यांचा संघ कुठेच नव्हता. इंग्रजांच्या आणि जिमखान्यांच्या हिशेबात ते हिंदूंमध्ये मोजले जात. मोजणीत हिंदू आणि पंगतीत अस्पृश्य, अशी ही दुहेरी व्यवस्था होती. बाळूंचे सारे आयुष्य या दुहेरी व्यवस्थेत गेले.

रोलर फिरवणारा मुलगा

बाळूंचा जन्म १८७० च्या दशकात धारवाडला एका चर्मकार कुटुंबात झाला. मूळ गाव कोकणातले पालवण, त्यावरून आडनाव पालवणकर. वडील लष्कराच्या नोकरीत होते. आपल्या समाजाच्या इतिहासात लष्करी छावणीचे महत्त्व आपण जाणतोच. गावगाड्याने ज्यांना शिवेबाहेर ठेवले, त्यांना छावणीत पगार मिळाला, थोडे शिक्षण मिळाले आणि नव्या जगाची ओळख झाली. बाळू आणि त्यांचे भाऊ क्रिकेट शिकले ते पुण्याच्या छावणीत, गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर.

पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी क्लबात लागली. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा आणि अधूनमधून नेटमध्ये चेंडू टाकायचे. पगार महिन्याला अवघे तीन-चार रुपये. १८९२ च्या सुमारास ते पुण्यातल्या युरोपियन क्लबात आले. तिथेही काम तेच होते, पण नेटमध्ये चेंडू टाकण्याची संधी जास्त मिळू लागली. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नावाजलेला इंग्रज फलंदाज. आपल्याला बाद केलेस तर दरवेळी आठ आणे देईन, अशी पैज त्याने बाळूंशी लावली होती, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, बाळूंनी त्याला तासन्‌तास गोलंदाजी केली एवढे निश्चित. डावखुरी संथ फिरकी, अचूक टप्पा आणि फलंदाजाला फसवणारी उंची ही त्यांची अस्त्रे याच नेटमध्ये घासून तयार झाली.

यातली एक बारीक गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते. त्या क्लबात बाळूंनी हजारो चेंडू टाकले, पण त्यांना कधी फलंदाजी करू दिली गेली नाही. गोलंदाजी म्हणजे घाम गाळणे, ते नोकराने करायचे. बॅट साहेबाच्या हातात शोभायची. श्रम एका वर्गाचे आणि मिरवणे दुसऱ्या वर्गाचे, ही विभागणी खेळातही जशीच्या तशी उतरली होती.

चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे

पुण्यातल्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते, आणि त्यासाठी लागणारा गोलंदाज चर्मकार होता. क्लबात यावरून वाद झाले. अखेर जिंकण्याची इच्छा सोवळ्यावर मात करून गेली आणि बाळू संघात आले. मात्र ही मात मैदानाच्या सीमारेषेपर्यंतच होती. चहाच्या सुट्टीत बाकीचे खेळाडू आत बसून चिनी मातीच्या कपातून चहा पीत. बाळूंना बाहेर, वापरून टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. जेवायलाही वेगळे बसवत. त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण क्षेत्ररक्षक हाताने झेलत होते, तोच चेंडू पुन्हा त्यांच्याकडे फेकत होते. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता.

साताऱ्यातल्या युरोपियन संघाविरुद्ध बाळूंनी सात बळी घेतले, तेव्हा पुण्यात त्यांचा सत्कार झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी उघडपणे सांगितले की ज्याच्याबरोबर खेळता, त्याच्याबरोबर खाण्यापिण्यातही भेद करू नका. हे सांगायला त्या काळी धैर्य लागत होते, हे मान्य करायला हवे. पण असे सांगावे लागले, यातच पुण्याच्या हिंदू क्रिकेटची अवस्था कळते.

पुढे बाळू मुंबईत आले. लष्करात आणि नंतर बी. बी. सी. आय. रेल्वेत त्यांनी नोकरी केली आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. हिंदूंच्या २४२ आणि १६० धावा झाल्या, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. बाळूंची गोलंदाजी निर्णायक ठरली. त्यांचा भाऊ शिवराम याच संघात होता. स्वदेशी आणि वंगभंगाच्या त्या काळात हा विजय देशभर गाजला. मुंबईच्या जिमखान्यात या भावांना इतरांबरोबर जेवायला बसू दिले गेले, याचीही समाजसुधारकांच्या वर्तुळात मोठी चर्चा झाली. तेव्हा भीमराव आंबेडकर मुंबईत शाळेत शिकत होते, वय अवघे १४.

इंग्लंडचा उन्हाळा

१९११ मध्ये पटियाळाचे १९ वर्षांचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारताचा पहिला सर्वधर्मीय संघ इंग्लंडला गेला. त्यात पारशी, हिंदू, मुस्लिम आणि शीख होते. बाळू आणि शिवराम हे दोघेही होते. संघाची कामगिरी एकूण वाईट झाली. १४ प्रथम श्रेणी सामन्यांपैकी फक्त दोन जिंकले, लिस्टरशायर आणि सॉमरसेटविरुद्धचे. पण बाळूंनी संपूर्ण दौऱ्यात ११४ बळी घेतले, त्यातले ७५ प्रथम श्रेणी सामन्यांत. तेव्हा ते पस्तिशीत होते आणि खांद्याचे दुखणे सोसत होते. लिस्टरशायरविरुद्धच्या विजयात त्यांचा मोठा वाटा होता, तर सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी नाबाद शतक ठोकले. राजाच्या संघाची लाज ज्यांनी राखली, ते दोघे भाऊ अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातले होते.

परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने बाळूंचा जाहीर सत्कार केला. भीमराव तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते. बाळू हे त्या पिढीतल्या शिकणाऱ्या तरुणांचे आदर्श होते आणि भीमरावही त्यांच्या चाहत्यांपैकी एक होते. ज्या काळात आपल्या समाजातला माणूस वर्तमानपत्रात क्वचितच अभिमानाने छापला जायचा, त्या काळात बाळूंचे नाव रोज छापून येत होते.

कर्णधारपदाचा प्रश्न

कारकिर्दीत बाळूंनी ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी घेतले, सरासरी १५ च्या आसपास. अनुभव आणि कामगिरी यांत त्यांच्या तोडीचा हिंदू संघात कोणी नव्हता. तरीही १९१० नंतरच्या दशकात दरवर्षी कर्णधार दुसराच कोणीतरी झाला. कर्णधार एम. डी. पै यांनी स्वतः १९१३ मध्ये जाहीरपणे मान्य केले की हा मान ज्येष्ठतेने बाळूंचा होता. मान्य सगळ्यांना होते, पण दिला कोणीच नाही.

१९२० मध्ये ठिणगी पडली. बाळूंना संघातूनच वगळले. पै आजारी असल्याने कर्णधारपद द्यायची वेळ आली, तेव्हा धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनाही डावलून ते पुण्याच्या दि. ब. देवधरांना दिले. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि हा अन्याय जातीमुळे झाला आहे हे जाहीरपणे मांडले. शहरात मोठी चर्चा झाली. अखेर पुढच्या सामन्याला भाऊ परतले आणि बाळूंना उपकर्णधार केले. पै मैदानाबाहेर गेले तेव्हा काही काळ नेतृत्व बाळूंकडे आले. इतक्या वर्षांच्या कारकिर्दीत त्यांच्या वाट्याला आले ते एवढेच.

भावांनी घेतलेल्या या भूमिकेचे फळ तीन वर्षांनी मिळाले. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. थोरल्याच्या बोटांनी जे मिळाले नाही, ते धाकट्यांच्या बहिष्काराने मिळाले. गुणवत्ता तीस वर्षे सिद्ध होत होती, दार मात्र उघडले ते संघटित नकारानंतर. विठ्ठल यांनी पुढे माझे क्रीडा-जीवन हे आत्मचरित्र लिहिले. या घराण्याचा इतिहास समजून घ्यायचा तर ते महत्त्वाचे आहे.

बाबासाहेबांच्या विरोधात

आता त्या भागाकडे येऊ, जो आपल्याकडे कोणी बोलत नाही. खेळातून निवृत्त झाल्यावर बाळू राजकारणात आले, आणि ते बाबासाहेबांच्या बाजूने आले नाहीत. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर ते एम. सी. राजा यांच्या गटाबरोबर, संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले. पुणे कराराखाली बाबासाहेबांच्या सहीबरोबर बाळूंचीही सही आहे. पुढच्या वर्षी त्यांनी हिंदू महासभेतर्फे मुंबई महापालिकेची निवडणूक लढवली आणि हरले. १९३५ मध्ये बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तिलाही त्यांनी विरोध केला. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांसमोर उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. फरक २,०२० मतांचा.

काही कार्यकर्ते या कारणाने बाळूंचे नावच घेत नाहीत. काही जण नाव घेतात, पण १९३७ गाळून. आम्हाला दोन्ही वाटा चुकीच्या वाटतात. बाळूंना जे थोडे मिळाले ते हिंदू संघात राहून, हिंदू सुधारकांच्या पाठिंब्याने मिळाले होते. एका कपातून सुरू झालेला प्रवास एका पंगतीपर्यंत पोहोचलेला त्यांनी स्वतः पाहिला होता. अजून थोडी वाट पाहिली तर सगळेच बदलेल, असे त्यांना वाटले असेल तर त्यामागे त्यांचा अनुभव होता. त्यांना विकला गेलेला माणूस म्हणणे हा इतिहास नव्हे.

पण त्याच अनुभवातून उलटा निष्कर्षही निघतो, आणि तो बाबासाहेबांचा आहे. हिंदू संघात बाळूंना जागा होती, पण संघ निवडणारे दुसरे होते. जोपर्यंत निवड समिती दुसऱ्यांची आहे, तोपर्यंत बळी तुम्ही घ्या आणि कर्णधार आम्ही ठरवू, हेच चालणार. संयुक्त मतदारसंघातल्या राखीव जागेबद्दल बाबासाहेबांची हरकत नेमकी हीच होती. जागा आपल्या नावाची असेल, पण त्या जागेवर कोण बसणार हे बहुसंख्य सवर्ण मतदार ठरवतील. त्यांना चालणारा, त्यांना न दुखावणारा माणूसच निवडून येईल. १९३७ मध्ये काँग्रेसला बाबासाहेबांविरुद्ध उमेदवार हवा होता, तेव्हा तिने अस्पृश्य समाजातलेच सर्वांत लाडके नाव शोधले. बाळूंना आयुष्यभर कर्णधारपद नाकारणाऱ्या समाजाला आता त्यांचे नाव उपयोगी पडत होते.

आज काय घ्यायचे

४ जुलै १९५५ रोजी बाळूंचे मुंबईत निधन झाले. पुढच्या वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दुसऱ्यांच्या संघात जागा मागत राहायचे की स्वतःची वाट बांधायची, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी दिले गेले.

एप्रिल आला की आपल्या वस्त्या-वस्त्यांत जयंतीनिमित्त टेनिस बॉलच्या स्पर्धा भरतात. मंडळाचे टी-शर्ट, ट्रॉफ्या, रात्रीचे सामने, सगळे असते. अशा स्पर्धेतल्या उत्कृष्ट गोलंदाजाच्या बक्षिसाला पालवणकर बाळू यांचे नाव द्यावे, आणि बक्षीस देताना पाच मिनिटे त्यांची संपूर्ण गोष्ट सांगावी. मातीच्या भांड्यातला चहा सांगावा, इंग्लंडमधले ११४ बळी सांगावेत, भावांची माघार सांगावी आणि १९३७ सुद्धा सांगावे. आपली मुले हुशार आहेत, त्यांना अर्धा इतिहास देण्याची गरज नाही.

आणि जिथे-जिथे आपण खेळतो, शिकतो, नोकरी करतो, संघटनेत राबतो, तिथे एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. आपल्याला संघात घेतले आहे हे ठीक, पण संघ निवडतो कोण?

जय भीम.