आधी आसरा, मग अक्षर : कर्मवीर भाऊराव पाटील

शाळा काढणारे पुष्कळ झाले. परंतु मुलगा वर्गात बसण्यापूर्वी रात्री कोठे निजतो आणि काय खातो, हा प्रश्न प्रथम हाती घेणारे थोडे. कर्मवीर भाऊराव पाटील हे त्या थोड्यांतील अग्रणी होत.

२२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज गावी एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील महसूल खात्यात नोकरीस. बदलीबरोबर बिऱ्हाड हले, म्हणून भाऊरावांची शाळाही दहिवडी, विटा अशी बदलत गेली. पुढील शिक्षणासाठी कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये आल्यावर ते जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर शुद्धीची अंघोळ करण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी बोर्डिंग सोडावे लागले. अन्नछत्राच्या दारातून केवळ जातीच्या नियमापायी बाहेर पडणे म्हणजे काय, हे त्यांनी विद्यार्थिदशेतच अनुभवले. माझ्या मते त्यांच्या पुढील कार्याचे मूळ येथेच शोधावे.

परीक्षांत त्यांना फारसे यश लाभले नाही. साताऱ्यात शिकवण्या केल्या, ओगले व किर्लोस्कर यांच्या मालाच्या विक्रीसाठी गावोगाव हिंडले. शाळेबाहेर बसून शिकणारा एक महार विद्यार्थी त्यांच्या दृष्टीस पडला, तेव्हा त्याला त्यांनी कोल्हापूरच्या त्याच मिस क्लार्क वसतिगृहात पोहोचविले. ते ज्ञानदेव घोलप होत. पुढे बाबासाहेबांच्या ‘मूकनायक’चे संपादकपद त्यांनी सांभाळले, हे आपल्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे, सत्यशोधक विचारांच्या वातावरणात, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. निरनिराळ्या जातींची मुले एका छपराखाली राहात, एका चुलीवरचे अन्न एका पंक्तीत बसून खात. पाणी भरणे, स्वयंपाक, शेतीची कामे ही सर्वांची. कोणतेही काम कोणा एका जातीचे नव्हते. त्या काळी दलित मुलांसाठी स्वतंत्र वसतिगृह काढणे हीसुद्धा मोठी गोष्ट होती. पण एकाच भांड्यातले अन्न सर्वांच्या पानात पडणे ही त्याहून अवघड गोष्ट होती. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले.

हे घर चालविण्याचा भार मात्र लक्ष्मीबाईंवर होता. सधन माहेरच्या या बाईने सोवळ्याचे संस्कार बाजूस सारून परक्यांची मुले आपली मानली. देणग्या व धान्य जमविण्यासाठी भाऊराव गावोगाव फिरत असत. मागे कोठी रिकामी होई आणि मुले भुकेली असत. लक्ष्मीबाईंनी एकेक करून अंगावरचे दागिने मोडले. अखेर मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये त्या वारल्या. चरित्रांत त्यांच्या वाट्यास बहुधा एखादे प्रकरण येते. वस्तुतः आई-बापांपासून दूर आलेल्या, कित्येकदा पोरक्या मुलांची पालक म्हणून त्यांची गणना भाऊरावांच्या बरोबरीने व्हावयास हवी.

१९३२ च्या पुणे करारानंतर भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग काढले. त्या कराराने आपल्या समाजाच्या पदरी काय पडले, याविषयी आपले मत वेगळे आहे आणि ते राहील. तथापि ऐक्याच्या भाषणांना लगोलग चुलीचे व अंथरुणाचे रूप देणारी माणसे किती होती, याचीही नोंद इतिहासाने ठेवली पाहिजे.

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. फी देता येत नसेल त्याने श्रम करावेत आणि शिकावे, हे तेथील सूत्र होते. म्हणून तेथे शिकणारा मुलगा कोणाच्या दयेवर जगत नव्हता. गांधीहत्येनंतर भाऊरावांनी सरकारवर केलेल्या कठोर टीकेमुळे संस्थेचे अनुदान थांबले. शेकडो मुलांच्या जेवणाचा प्रश्न उभा राहिला, तरी ते नमले नाहीत. पुन्हा गावोगाव फिरले, आणि ज्या रयतेच्या नावाने संस्था काढली होती तिनेच हात दिला. कालांतराने अनुदानही सुरू झाले.

१९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली, केंद्र सरकारने पद्मभूषण दिले. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. शाहू बोर्डिंगच्या त्या एका चुलीवर जेवून मोठे झालेले पी. जी. पाटील तोवर बॅरिस्टर होऊन आले होते. पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.