ढगांची नोंद ठेवणारा चित्रकार

वडिलांची पाणचक्की, धान्याचा धंदा, घरचं सगळं सेट! तरी जॉन कॉन्स्टेबलला चित्रंच काढायची होती. १७७६मध्ये इंग्लंडमधल्या सफोकमध्ये जन्मलेल्या या पोराने १७९९ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीची शाळा गाठली. तेव्हा भाव होता पुराणकथांच्या चित्रांना. याने मात्र गावची नदी, घोडागाड्या, ओली झाडं रंगवली. १८२१-२२मध्ये हॅम्पस्टेडला तो नुसते ढग रंगवायचा आणि चित्रामागे तारीख, वेळ, वारा लिहून ठेवायचा. ‘द हे वेन’ने १८२४ साली पॅरिसमध्ये सुवर्णपदक पटकावलं. घरच्या अकॅडमीचं पूर्ण सदस्यत्व मिळालं ते १८२९मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी. तेव्हा ते बघायला पत्नी मारिया नव्हती. काही महिन्यांपूर्वीच ती गेली होती. निसर्ग रंगवायचाय? मग आधी तो रोज बघा, हेच त्याचे ढग सांगतात.