आधी शिकारी, मग पाखरांचा राखणदार : डॉ. सलीम अली

परभणी : नोव्हेंबर लागला की रानात हरभरा वर आलेला असतो, ज्वारी गुडघ्याला लागलेली असते आणि येलदरीच्या फुगवट्यावर उत्तरेकडची बदकं उतरायला लागतात. पैठणच्या नाथसागरासारख्या मोठ्या पाण्यावर राजहंसांचे थवेही येतात. डोकं पांढरं, मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. पुस्तकात याला पट्टकदंब म्हणतात. मंगोलिया, तिबेटकडं अंडी घालून, पिल्लं वाढवून हा पक्षी हिमालय ओलांडून आपल्याकडं येतो.

याच दिवसांत, ५ ते १२ नोव्हेंबर, राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ तारीख डॉ. सलीम अलींच्या. सलीम अली म्हणलं की दुर्बीण घेतलेला म्हातारा आठवतो. पण या माणसाची सुरुवात बंदुकीनं झाली, हे फारसं सांगितलं जात नाही.

१८९६ साली मुंबईत त्यांचा जन्म. भावंडांत सगळ्यात धाकटे. वर्षाचे होते तेव्हा वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी सांभाळलं. मामा स्वतः हौशी शिकारी. पोराच्या हातात छऱ्याची बंदूक आली आणि पोरगं चिमण्या पाडत फिरायला लागलं. मोठं होऊन नामी शिकारी व्हायचं, एवढंच डोक्यात.

१९०८ च्या सुमारास एक चिमणी पडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. अशी चिमणी घरात कुणी पाहिलेली नव्हती. ही खायला चालते का, असा साधा प्रश्न होता. मामालाही नाव सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन पोराला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड या इंग्रज साहेबानं पोराला हाकललं नाही. चिमणी ओळखली, कपाटं उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. दहा-बारा वर्षांच्या पोराला एवढा वेळ देणारा साहेब आज कोणत्या कचेरीत सापडेल, हा प्रश्न आपला आपण विचारून बघावा.

पुढचा रस्ता मात्र सरळ नव्हता. घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यासाठी ब्रह्मदेशात गेले, पण तिथंही पाखरांच्या मागं जंगल पालथं घातलं. धंदा बसला. १९१८ ला तहमिना यांच्याशी लग्न झालं. मुंबईच्या म्युझियममध्ये लोकांना माहिती सांगायची नोकरी लागली, रजा घेऊन बर्लिनला शिकायला गेले. १९३० ला परत आले तर पैसे नाहीत म्हणून ती जागाच रद्द झालेली. घरभाडं झेपेना, म्हणून नवरा-बायको अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तिथं रिकामं न बसता त्यांनी सुगरणीची घरटी रोज पाहून टिपणं काढली.

मग १९३१ ला निजामाच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी सुरू झाली. परभणी तेव्हा निजामाचाच जिल्हा. पगार नको, फिरण्याचा आणि मुक्कामाचा खर्च द्या, एवढ्याच अटीवर त्यांनी काम घेतलं. तहमिना बरोबर असायच्या, तंबूतला संसार त्याच बघायच्या. या कामातही बंदूक होतीच. पक्षी पाडायचा, मोजायचा, कातडं जतन करायचं, कुठं आणि कधी मिळाला ते लिहायचं. त्या काळी नेमकी ओळख पटवायला दुसरी वाट नव्हती. शिकारीचं त्यांनी कधी लपवलं नाही. अभ्यासासाठी किंवा ताटात घालण्याइतकं मारणं वेगळं आणि आकडा फुगवायला मारणं वेगळं, हा फरक त्यांच्या मनात पक्का होता.

आकडा फुगवणं म्हणजे काय, ते राजस्थानातल्या भरतपूरला बघायला मिळतं. तिथल्या राजाच्या तळ्यावर नोव्हेंबर १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा तिथं दगडावर कोरून ठेवलाय. महिना बघा, हंगाम नुकता लागलेला. थव्यात त्याच वर्षी जन्मलेली पिल्लं असतात. राजहंसाची पिल्लं तर पहिला हिवाळा आई-बापाबरोबरच काढतात. लांबून आलेली, अंगातली चरबी झिजलेली, बंदुकीचा आवाज कधी न ऐकलेली. सगळ्यात सोपी शिकार तीच असते.

स्वातंत्र्यानंतर हे तळं कोरडं करून शेतीला द्यावं अशी मागणी झाली. सलीम अलींनी नेहरूंपर्यंत जाऊन ते वाचवलं. राजाचा शिकारीचा हक्क मात्र १९७२ पर्यंत चालू राहिला. याच भरतपूरला त्यांच्या माणसांनी हजारो पक्ष्यांच्या पायात कड्या घालून सोडले. कडीवर नंबर आणि मुंबईचा पत्ता. काही कड्यांचा पत्ता पुढं थेट सायबेरियातून लागला. तिथल्या शिकाऱ्यांनी मारलेल्या बदकांच्या पायातून.

भरतपूरची दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. १९८२ ला ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि म्हशी चारायला बंदी आली. या बंदीला सलीम अलींचा पाठिंबा होता. गावकरी चिडले, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं मेली. पुढं त्यांच्याच सोसायटीच्या अभ्यासातून निघालं की म्हशी बंद झाल्यावर पाण्यात गवत माजलं आणि पाखरांना पाणी मोकळं राहिना. तळ्याकाठच्या गुराख्याला जे दिसत होतं ते मोठ्या जाणकाराला दिसलं नाही. त्यांची थोरवी यानं कमी होत नाही, पण त्या गावकऱ्यांचं दुःखही कमी होत नाही.

तहमिना १९३९ लाच गेल्या होत्या. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं ते एकटे आणि पाखरं. १९४१ ला भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं, नंतर डिलन रिप्ले यांच्यासोबत दहा खंड. १९७६ ला पद्मविभूषण, १९८५ ला राज्यसभा. २० जून १९८७ ला मुंबईत गेले, वय ९०. छत्रपती संभाजीनगरात दिल्ली गेटजवळच्या तळ्याला त्यांचं नाव आहे. जाता-येता बघून घ्या.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात सुरुवातीला बदकांच्या शिकारीला परवाना मिळायचा. १९९१ ला ती वाटही बंद झाली. तरी राजहंस रात्री हरभऱ्यात, गव्हात चरायला उतरतो, तेव्हा शेतकऱ्याला राग येणारच. हाकलून लावायला कुणाची मनाई नाही. फासा, विष किंवा बंदूक मात्र सरळ गुन्ह्यात जाते, तुरुंगवासही होऊ शकतो.

अन् एखादा मेलेला राजहंस किंवा बदक काठावर सापडलं तर हात न लावता पायाकडं आणि मानेकडं बघा. मंगोलियात मानेत पट्टा घातलेले राजहंस भारतात दिसलेले आहेत. कडी किंवा पट्टा दिसला तर जवळून नीट फोटो काढा, नंबर आणि ठिकाण लिहून ठेवा आणि वन विभागाला कळवा.