ब्रूस राजाच्या घरच्या बायका

पुन्हा पुन्हा पडूनही जाळं विणणारा कोळी आणि ते पाहणारा हरलेला राजा, ही गोष्ट आपण सगळ्याजणींनी लहानपणी ऐकली आहे. मुलाचा निकाल वाईट लागला की आपणही ती सांगतोच! तो राजा म्हणजे स्कॉटलंडचा रॉबर्ट ब्रूस. कोळ्याची गोष्ट मात्र घरोघरी पोहोचली ती पाचशे वर्षांनंतर, वॉल्टर स्कॉट या लेखकामुळे. राजा खरोखर हरला तेव्हा त्याच्या घरातल्या बायकांचं काय झालं, हे त्या गोष्टीत येत नाही.

ब्रूसचा जन्म १२७४ चा. तो अकरा वर्षांचा असताना स्कॉटलंडचा राजा घोड्यावरून पडून मेला. चार वर्षांनी त्याची लहानगी नातही गेली आणि गादीला सरळ वारस उरला नाही. भांडण मिटवायला इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड पंच म्हणून आला आणि मालकच होऊन बसला. १२९६ मध्ये त्याने फौज घालून देश ताब्यात घेतला. ब्रूस कधी एडवर्डच्या बाजूने, कधी विरुद्ध. धुतल्या तांदळासारखा तो नव्हता, बरं का! फेब्रुवारी १३०६ मध्ये गादीचा प्रतिस्पर्धी जॉन कॉमिन याच्यावर त्याने चक्क चर्चमध्ये वार केला. कॉमिनचा त्यात जीव गेला आणि दीड महिन्याच्या आतच ब्रूसने स्कोन या गावी मुकुट घातला.

राजाला आसनावर बसवण्याचा मान फाइफच्या घराण्याचा. त्या घराण्याचा वारस अल्पवयीन आणि इंग्रजांच्या ताब्यात. मग त्याच घराण्याची लेक इझाबेला पुढे आली. तिचा नवरा बखनचा सरदार, मेलेल्या कॉमिनच्याच भावकीतला, म्हणजे ब्रूसचा वैरी. नवऱ्याच्या विरोधात जाऊन ती स्कोनला पोहोचली आणि तिच्या हातून राज्याभिषेक पुन्हा केला गेला. सातशे वर्षांपूर्वी हे करायला केवढी छाती लागली असेल!

जूनमध्ये मेथ्वेनला ब्रूसचा दारुण पराभव झाला. त्याने राणी एलिझाबेथ, पहिल्या बायकोची मुलगी मार्जरी, बहीण मेरी आणि इझाबेला यांना उत्तरेकडे पाठवलं. टेन गावच्या चर्चमध्ये त्यांनी आसरा घेतला होता. तिथून रॉसच्या सरदाराने त्यांना पकडून एडवर्डच्या हवाली केलं. त्यांना सांभाळणारा ब्रूसचा भाऊ नील याला ठार मारण्यात आलं.

एडवर्डने इझाबेलासाठी बेरिकच्या किल्ल्याच्या बुरुजात लाकडी जाळीचा, लोखंडाने मजबूत केलेला पिंजरा करवला. हो, पिंजराच! जेवणखाण द्यायला गावातल्या इंग्रज बायका. कुणाही स्कॉट माणसाशी बोलायची तिला बंदी. ती तिथे चार वर्षं होती. मेरीला रॉक्सबरोच्या किल्ल्यात असाच पिंजरा मिळाला. मार्जरी तर जेमतेम दहा-बारा वर्षांची. तिच्यासाठीही लंडनमध्ये पिंजऱ्याचा हुकूम निघाला होता, पण नंतर तो बदलून तिला जोगिणींच्या मठात ठेवलं. एलिझाबेथला एका वाड्यात नजरकैद. तिचा बाप आयर्लंडमधला बडा सरदार, एडवर्डच्या मर्जीतला. माहेर भक्कम असलं की शिक्षाही सौम्य होते, दुसरं काय!

१३०७ मध्ये एडवर्ड वारला. ब्रूसने एकेक किल्ला परत घेतला आणि जून १३१४ मध्ये बॅनकबर्नच्या लढाईत दुसऱ्या एडवर्डच्या मोठ्या फौजेला पळवून लावलं. मुलं ही लढाई इतिहासात वाचतात. घरच्या बायकांच्या दृष्टीने त्या विजयाचा अर्थ वेगळा होता. लढाईनंतर हेरफर्डचा सरदार ब्रूसच्या हाती लागला आणि त्याच्या बदल्यात एलिझाबेथ व मार्जरी सुटल्या, आठ वर्षांनी.

मार्जरीचं लग्न १३१५ मध्ये वॉल्टर स्ट्युअर्टशी झालं. पुढच्या वर्षी मुलगा झाला आणि त्यानंतर ती फार जगली नाही. तोच मुलगा १३७१ मध्ये राजा झाला, स्ट्युअर्ट घराण्याचा पहिला. एलिझाबेथला १३२४ मध्ये डेव्हिड झाला. ती १३२७ मध्ये गेली. पुढच्याच वर्षी इंग्लंडने तह करून ब्रूसला राजा म्हणून मान्य केलं. तो दिवस पाहायला ती नव्हती. १३२९ मध्ये ब्रूसही गेला. डनफर्मलिनच्या मठात एलिझाबेथजवळच त्याला पुरलं.

इझाबेलाला १३१० मध्ये पिंजऱ्यातून काढून बेरिकच्याच एका मठात हलवलं होतं. १३१३ मध्ये तिला एका इंग्रज सरदाराच्या ताब्यात दिल्याची नोंद आहे. त्यानंतर तिचं नाव कुठल्याच कागदात येत नाही. सुटून आलेल्यांच्या यादीतही नाही.