गुरूचा शब्द आणि आकाशाची साक्ष

सापगावच्या माळावर हिवाळ्यातल्या अवसेच्या रात्री मृग नक्षत्र पाहा. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक धुरकट डाग दिसतो. तो तारा नव्हे, तेजोमेघ आहे. आज आपली पोरे कॅमेरा स्टँडवर लावून त्याचे फोटो काढतात, याचे आम्हाला कौतुक आहे. पण याच अंधूक उजेडाची पुण्यात बसून झडती घेणारे कावसजी दादाभाई नायगामवाला आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

जन्म १८५७ चा. हे पारशी गृहस्थ मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पैसा दिला, मुंबई सरकारने त्यात भर घातली आणि १८८८ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजात वेधशाळा उभी राहिली. तिची २० इंची आरशाची दुर्बीण तेव्हा देशात सर्वात मोठी होती.

वेधशाळा कशी असावी याचा सल्ला ज्यांनी दिला, त्यांत इंग्लंडचे नामांकित शास्त्रज्ञ लॉकियर होते. तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे, असे त्यांचे मत. तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष आहे, असे ते सांगत. तसे असेल तर रेषेची एक कड पुसट हवी. नायगामवालांनी मृगातल्या तेजोमेघाचा उजेड वर्णपटात फाकून पाहिला. मुळात फिकट उजेड, फाकला की आणखी फिकट! रेषा दोन्ही कडांनी रेखीव निघाली. लॉकियरचा दबदबा मोठा, तरी त्यांनी दिसले तेच १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या पत्रिकेत छापले. ती रेषा ऑक्सिजनची आहे, हे १९२७ मध्ये बोवेन यांनी उलगडले. गुरुवाक्यापुढे मान तुकवायला शिकवणाऱ्या देशात ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात का नाही, असा आमचा सवाल आहे.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला लोक दारे लावून, सोवळे पाळून बसले असतील. नायगामवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकून सूर्याच्या कडेचे वर्णपट फोटोच्या काचांवर घेत होते.

१९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि सरकारने वेधशाळाच बंद केली. काम पुढे नेणारा दुसरा माणूस तयार करण्याची तसदी कोणी घेतली नाही. दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. नायगामवाला त्यानंतर २६ वर्षे जगले. १९३८ मध्ये वारले.