जेम्स व्हिटनी

सर जेम्स प्लायनी व्हिटनी (जन्म: २ ऑक्टोबर, १८४३, मृत्यू: २५ सप्टेंबर, १९१४, टोराँटो) हे कॅनडातील ऑन्टॅरियो प्रांताचे सहावे प्रीमियर होते. कॅनडातील प्रांतांचे प्रीमियरपद हे भारतातील राज्यांच्या मुख्यमंत्रिपदाशी समकक्ष आहे. व्हिटनी यांनी १९०५ पासून मृत्यूपर्यंत हे पद भूषवले. तत्पूर्वी नऊ वर्षे ते प्रांतिक काँझर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते आणि विधानसभेतील विरोधी पक्षनेते होते. निवडणुकांतील गैरप्रकार आणि सरकारी पदांचा पक्षीय वापर यांविरुद्ध त्यांनी चालवलेल्या मोहिमेमुळे ऑन्टॅरियोतील लिबरल पक्षाची ३३ वर्षांची सलग सत्ता संपुष्टात आली. जलविद्युत निर्मितीचा लाभ नगरपालिकांना मिळवून देणारे सार्वजनिक वीज मंडळ त्यांच्याच कारकिर्दीत स्थापन झाले.

सुरुवातीचे जीवन

व्हिटनी यांचा जन्म सेंट लॉरेन्स नदीकाठच्या डंडस परगण्यातील विल्यम्सबर्ग भागात झाला. त्यांचे शिक्षण कॉर्नवॉल येथील ग्रामर स्कूलमध्ये झाले. त्यानंतर त्यांनी कॉर्नवॉलमध्येच जॉन सँडफील्ड मॅक्डोनाल्ड यांच्या कार्यालयात वकिलीची उमेदवारी केली. मॅक्डोनाल्ड हे १८६७ मध्ये ऑन्टॅरियोचे पहिले प्रीमियर झाले. १८७१ च्या अखेरीस त्यांचे मंत्रिमंडळ कोसळले आणि लिबरल पक्षाची राजवट सुरू झाली. ती राजवट संपवणारा नेता त्यांच्याच कार्यालयात वकिली शिकलेला होता.

१८६६ मध्ये अमेरिकेतून फेनियन टोळ्यांनी कॅनडावर हल्ले केले, त्या वेळी व्हिटनी नागरी सैन्यदलात होते. पुढे त्या दलात ते लेफ्टनंट कर्नल झाले. मध्यंतरी वकिलीचा अभ्यास खंडित झाल्याने सनद मिळण्यास त्यांना १८७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत थांबावे लागले. त्यानंतर त्यांनी मॉरिसबर्ग या लहान गावी वकिली सुरू केली. १८७७ मध्ये त्यांचा ॲलिस पार्क यांच्याशी विवाह झाला. त्यांचे बंधू एडविन कॅनफील्ड व्हिटनी हे लाकूड व्यवसायातील नामांकित उद्योजक होते. ॲल्गॉन्क्विन उद्यानाजवळील व्हिटनी या गावाला एडविन यांचे नाव आहे.

विधानसभेत प्रवेश

मॉरिसबर्ग येथे वकिली करताना व्हिटनी स्थानिक पक्षकार्यात सहभागी झाले. त्या काळात परगण्यातील पक्षसंघटना ही मतदारयादी तपासणारे, सभा भरवणारे आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर बसून आक्षेप नोंदवणारे गावोगावचे कार्यकर्ते यांच्या बळावर चालत असे. १८८६ च्या प्रांतिक निवडणुकीत डंडस मतदारसंघात व्हिटनी यांचा थोड्या मतांनी पराभव झाला. मात्र विजयी लिबरल उमेदवाराची निवड गैरप्रकारांमुळे न्यायालयाने रद्द ठरवली. १८८८ च्या पोटनिवडणुकीत व्हिटनी निवडून आले आणि मृत्यूपर्यंत त्यांनी याच मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले. निवडणुकीतील लाचलुचपत न्यायालयात सिद्ध करता येते, हा अनुभव त्यांना राजकारणाच्या प्रारंभीच आला.

विरोधी पक्षनेते

काँझर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते विल्यम राल्फ मेरिडिथ १८९४ मध्ये न्यायाधीश झाले. त्यांच्या जागी आलेले जॉर्ज मार्टर यांचे नेतृत्व अल्पजीवी ठरले आणि १८९६ मध्ये पक्षाची धुरा व्हिटनी यांच्याकडे आली. १८९० च्या दशकात ऑन्टॅरियोतील काँझर्व्हेटिव्ह राजकारणावर कॅथलिकविरोधी चळवळींची छाया होती. व्हिटनी यांनी पक्षाला या भूमिकेपासून दूर नेले. पुढे त्यांच्या मंत्रिमंडळात जेम्स जोसेफ फॉय आणि जोसेफ रेओम या कॅथलिक सदस्यांना स्थान मिळाले.

१८९८ च्या निवडणुकीत लिबरल पक्षाचे बहुमत घटले. १८९९ च्या प्रारंभी झालेल्या वेस्ट एल्गिन येथील पोटनिवडणुकीत मतदान केंद्रांवर तोतया अधिकारी बसवल्याचे उघड झाले. विजयी लिबरल उमेदवार डोनाल्ड मॅकनिश यांनी गैरप्रकार मान्य करून जागा सोडली. त्याच वर्षी जॉर्ज विल्यम रॉस प्रीमियर झाले. पोटनिवडणुका जिंकण्यासाठी परगण्याबाहेरून पाठवल्या जाणाऱ्या संघटकांच्या टोळीला वृत्तपत्रांनी 'यंत्र' असे नाव दिले होते. व्हिटनी यांनी विधानसभेत आणि गावोगावच्या सभांमधून सरकारला याचा जाब विचारला. १९०२ च्या निवडणुकीत रॉस यांच्याकडे अवघ्या दोन-तीन जागांचे आधिक्य उरले.

गेमी प्रकरण

एवढ्या निसटत्या बहुमतामुळे एकेका सदस्याला महत्त्व आले. मॅनिटूलिन येथून काँझर्व्हेटिव्ह म्हणून निवडून आलेले रॉबर्ट गेमी यांनी १९०३ च्या प्रारंभी लिबरल सरकारला पाठिंबा देत असल्याचे जाहीर केले. मार्च महिन्यात अधिवेशन सुरू असताना मात्र त्यांनी सभागृहात उभे राहून एक गंभीर आरोप केला. आपला पाठिंबा पैसे देऊन विकत घेण्यात आला असून या व्यवहारामागे प्रांतिक सचिव जेम्स रॉबर्ट स्ट्रॅटन असल्याचे त्यांनी सांगितले.

चौकशी कोणी करावी, यावर तीव्र वाद झाला. मंत्र्यांवरील आरोपांची चौकशी सभागृहाच्या समितीनेच केली पाहिजे, कारण मंत्रिमंडळ विधानसभेला उत्तरदायी असते, अशी व्हिटनी यांची भूमिका होती. सरकारने मात्र बॉइड आणि फाल्कनब्रिज या दोन न्यायाधीशांचा आयोग नेमला. आयोगाने स्ट्रॅटन यांना निर्दोष ठरवले. गेमी यांचे स्वतःचे वर्तन संशयास्पद असल्याने त्यांच्या साक्षीवर आयोगाने विश्वास ठेवला नाही. तथापि या निष्कर्षाने लोकांचे समाधान झाले नाही. त्याच वर्षी सू सेंट मेरी येथील पोटनिवडणुकीत 'मिनी एम' या बोटीतून अमेरिकेच्या बाजूची माणसे आणून त्यांच्याकडून बनावट मतदान करवून घेतल्याचे प्रकरण गाजले आणि सरकारची प्रतिमा आणखी मलिन झाली.

२५ जानेवारी, १९०५ रोजी झालेल्या निवडणुकीत ९८ पैकी ६९ जागा जिंकून काँझर्व्हेटिव्ह पक्ष सत्तेवर आला. लिबरल पक्षाला २९ जागा मिळाल्या. सरकारच्या कारभाराला विटलेल्या अनेक लिबरल मतदारांनीही या वेळी व्हिटनी यांना साथ दिली.

प्रीमियरपदाची कारकीर्द

फेब्रुवारी १९०५ मध्ये व्हिटनी यांनी पदभार स्वीकारला. तीन दशके सत्तेबाहेर राहिलेल्या पक्षातील कार्यकर्त्यांनी सरकारी नोकऱ्यांची अपेक्षा धरली होती. लिबरल राजवटीत नेमलेल्या कर्मचाऱ्यांना सरसकट बडतर्फ करण्यास व्हिटनी यांनी नकार दिला आणि त्यासाठी स्वपक्षीयांची नाराजी पत्करली. रिक्त होणाऱ्या जागांवर पक्षाच्या शिफारशीने नेमणुका करण्याची प्रथा मात्र त्यांच्या काळातही चालू राहिली.

१९०६ हे वर्ष कायदेनिर्मितीच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. टोराँटो विद्यापीठाचा कारभार मंत्रिमंडळाच्या थेट नियंत्रणातून काढून नियामक मंडळाकडे देण्यात आला. वार्षिक अनुदानासाठी सरकारच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागू नये, म्हणून वारसाकराच्या उत्पन्नाचा हिस्सा विद्यापीठाला देण्यात आला. ट्राम कंपन्या आणि नगरपालिकांच्या व्यवहारांवर देखरेख ठेवण्यासाठी रेल्वे व नगरपालिका मंडळ स्थापन झाले. गावात दारूबंदी लागू करण्यासाठी साध्या बहुमताऐवजी तीन पंचमांश मतांची अट घालण्यात आली. या अटीमुळे दारूबंदीच्या चळवळीतील कार्यकर्ते सरकारवर रुष्ट झाले.

सार्वजनिक वीज

नायगारा धबधब्यावरील वीज खासगी कंपन्यांच्या हाती एकवटेल, या भीतीने नैऋत्य ऑन्टॅरियोतील कारखानदार आणि नगरपालिका १९०२ पासून एकत्र येऊ लागल्या होत्या. एलायस स्नायडर आणि डॅनियल डेटवायलर यांनी बर्लिन (आजचे किचनर) या शहरातून ही चळवळ सुरू केली. लंडन शहराचे महापौर आणि काँझर्व्हेटिव्ह आमदार ॲडम बेक यांनी पुढे तिचे नेतृत्व केले. १९०६ च्या कायद्याने जलविद्युत आयोगाची स्थापना झाली आणि बेक त्याचे अध्यक्ष झाले. आयोगाकडून वीज घ्यावी किंवा नाही, यावर जानेवारी १९०७ मध्ये नगरपालिकांच्या मतदारांचा कौल घेण्यात आला आणि तो योजनेच्या बाजूने लागला.

११ ऑक्टोबर, १९१० रोजी बर्लिन येथे या विजेचा समारंभपूर्वक प्रारंभ झाला. त्या वेळी बेक यांनी व्हिटनी यांचा हात धरून त्यांच्याच हाताने कळ दाबली.

या यशाला एक वादग्रस्त बाजूही होती. नगरपालिका आणि आयोग यांच्यातील करारांना काही करदात्यांनी न्यायालयात आव्हान दिले. तेव्हा १९०९ मध्ये सरकारने कायदा करून हे करार वैध ठरवले आणि त्यांच्याविरुद्धचे दावे थांबवले. नागरिकांचा न्यायालयात जाण्याचा हक्क हिरावून घेतल्याची टीका झाली. हा कायदा रद्द करावा, अशी मागणी केंद्र सरकारकडे करण्यात आली, परंतु ती मान्य झाली नाही. निवडून आलेली विधानसभा मतदारांना उत्तरदायी असल्याने तिचा निर्णय अंतिम असावा, अशी व्हिटनी यांची धारणा होती.

नंतरची वर्षे

१९०८ मध्ये व्हिटनी यांना 'सर' ही पदवी मिळाली. त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला १०६ पैकी ८६ जागा मिळाल्या. डिसेंबर १९११ मध्येही मोठे बहुमत कायम राहिले. १९११ च्या केंद्रीय निवडणुकीत ऑन्टॅरियोतील पक्षसंघटनेने रॉबर्ट बोर्डन यांच्या विजयाला मोठा हातभार लावला.

१९१२ मध्ये सरकारने काढलेल्या 'नियम १७' मुळे शाळांमधील फ्रेंच माध्यमाचे शिक्षण प्राथमिक टप्प्यातील पहिल्या वर्षांपुरते मर्यादित झाले. फ्रेंच भाषक पालक आणि शिक्षकांनी त्याला दीर्घकाळ विरोध केला. १९२७ मध्ये या धोरणात बदल झाला. व्हिटनी यांच्या कारकिर्दीवरील हा सर्वांत मोठा आक्षेप मानला जातो.

१९१३ मध्ये लिबरल सदस्य विल्यम प्राउडफूट यांनी प्रांतिक सचिव विल्यम जॉन हॅना यांच्यावर एका सरकारी कंत्राटदाराकडून पैसे घेतल्याचा आरोप केला. दहा वर्षांपूर्वी व्हिटनी यांनी ज्या पद्धतीचा आग्रह धरला होता, त्याच पद्धतीने हे प्रकरण सभागृहाच्या समितीकडे गेले. समितीत सत्ताधारी पक्षाचे बहुमत होते आणि तिने हॅना यांना निर्दोष ठरवले. विरोधकांनी हा निष्कर्ष पक्षपाती असल्याची टीका केली. आपल्याच मंत्र्यांची चौकशी आपल्याच बहुमताने करण्यातील अडचण या प्रकरणातून पुढे आली.

व्हिटनी यांच्या कारकिर्दीतील अखेरचा महत्त्वाचा कायदा १९१४ चा कामगार नुकसानभरपाई कायदा होय. माजी पक्षनेते न्यायमूर्ती मेरिडिथ यांच्या अहवालावर तो आधारित होता. कामावर जखमी झालेल्या मजुराला दोष कोणाचा हे सिद्ध न करता मालकांच्या सामायिक निधीतून भरपाई मिळण्याची सोय त्यात होती. त्या बदल्यात मजुराने मालकावर दावा करण्याचा हक्क सोडावयाचा होता. १ जानेवारी, १९१५ पासून हा कायदा अमलात आला.

मृत्यू

१९१३ च्या अखेरीस व्हिटनी यांना हृदयविकाराने ग्रासले. जून १९१४ च्या निवडणुकीत प्रकृतीमुळे ते प्रचारात फारसा भाग घेऊ शकले नाहीत. टोराँटो येथील मॅसी हॉलमध्ये त्यांनी सभा घेतली. पक्षाला १११ पैकी ८४ जागा मिळाल्या. २५ सप्टेंबर, १९१४ रोजी टोराँटो येथे त्यांचे निधन झाले. मॉरिसबर्गजवळ त्यांचे दफन करण्यात आले. त्यांच्यानंतर विल्यम हर्स्ट प्रीमियर झाले. १९१९ मध्ये शेतकऱ्यांच्या पक्षाने हर्स्ट सरकारचा पराभव केला.

वारसा

ऑन्टॅरियोत सार्वजनिक वीज, विद्यापीठाची स्वायत्तता आणि कामगार भरपाई यांचा पाया व्हिटनी यांच्या काळात घातला गेला. सरकारी हस्तक्षेपाला अनुकूल असलेल्या ऑन्टॅरियोतील काँझर्व्हेटिव्ह परंपरेचा आरंभ अनेकदा त्यांच्यापासून मानला जातो. टोराँटो येथील विधानसभा परिसरात त्यांचा पुतळा आहे. तेथील व्हिटनी ब्लॉक ही शासकीय इमारत आणि बेलव्हिल येथील कर्णबधिरांची शाळा त्यांच्या नावाने ओळखली जाते. इतिहासकार चार्ल्स हम्फ्रीज यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १९८५ मध्ये प्रकाशित झाले.